मामांचं चिनी

नवशिक्या माणसाला सल्ला देण्याची हौस माझ्या बायकोच्या मामांइतकी आख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. नवशिका कशाचाही चालतो. सायकलचा चालतो, संसाराचा चालतो, तंबाखू सोडणारा तर फारच चालतो. बावड्याच्या शाळेतल्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मामांचा वर्ग सुटला, पण शिकवणं काही सुटलं नाही. चिनी भाषेचा नवशिका मात्र त्यांना आयुष्यात एकदाच मिळाला, आणि तो दुर्दैवाने मी होतो.

झालं असं, की बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या पाइपांच्या कारखान्यात फिटर होतो, तिथे चीनहून यंत्र यायचं ठरलं, आणि ते जोडायचं कसं हे शिकायला मला तिकडे पाठवायचं ठरलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, आमच्या खात्यात मुंबईच्या पलीकडे कुणी गेलेलं नव्हतं. बायकोने कौतुकाने ही बातमी मामांच्या कानावर घातली, आणि पुढच्याच रविवारी मला बावड्याला हजर व्हायचा निरोप आला. वाटलं, सत्कार असेल. मामी पोहे घेऊन येईपर्यंत माझा पहिला धडा सुरू झाला होता.

मामांना चिनी कुठून यावं? तर त्याचंही कारण साधं होतं. बुद्धाचं कितीतरी सांगणं आपल्याकडून हरवलं आणि चिनी लोकांनी ते स्वतःच्या भाषेत नेऊन जपलं, हे त्यांनी तरुणपणी एका व्याख्यानात ऐकलं होतं. "आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात हाय, तर मागायला जाताना त्या घरची भाषा शिकून जावं, जावईबापू. खाणाखुणा करत जाऊ नये." इथपर्यंत मलाही पटलं. पुण्याच्या फुटपाथवर त्यांना एक जुनं पुस्तक मिळालं होतं, त्यातून ते अक्षरं शिकले. उच्चार मात्र पुस्तकात ऐकू येत नाहीत, म्हणून ते रेडिओवरून शिकले, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

दारच्या शेवग्याला एरिअलची तार बांधून मामा रोज पहाटे चिनी बातम्या लावत. आता त्या शॉर्टवेव्हचं असं, की आवाज मध्येच विहिरीत उतरल्यासारखा खोल जातो, खरखर होते, आणि मग तो फुगून वर येतो. मामांच्या मते हीच चिनी भाषेची चाल होती. त्यामुळे ते साधं "तुम्ही कसे आहात" सुद्धा चढ्या आवाजात सुरू करत, मधे पुटपुटत आणि शेवटी शेजारची म्हैस दावं ओढेल इतक्या जोरात संपवत. मी एकदा भीत भीत सुचवलं, की मामा, हे स्टेशन नीट लागत नसल्यामुळे होत असावं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नवशिक्यानं यंत्राला दोष देऊ नये," ते म्हणाले, आणि तेच वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतलं, खालीवर करून.

सल्ल्यांना तर सुमारच नव्हता. पहिला महिना अर्थ विचारायचा नाही. अर्थ विचारणारा म्हणे पुढे जात नाही. चिनी बोलताना पाठ ताठ ठेवायची. लिहिताना घाई करायची नाही, आणि कागदावर तर लिहायचंच नाही, कारण कागदावर चूक केली की ती टिकते. म्हणून मला उसाला पाणी चालू असताना बांधावर बसवून ओल्या मातीत काडीने अक्षरं काढायला लावली. चौकटीचं अक्षर असेल तर आधी कडा, मग आतल्या रेघा आणि सगळ्यात शेवटी खालची रेघ. मी एकदा खालची रेघ आधी काढली तर मामा फावडं टाकून धावत आले. "पाणी आत घ्यायच्या आदी दारं बांधता व्हय? वाफा भिजंल का अशानं?" हा एवढा सल्ला मात्र मी आजवर विसरलेलो नाही. पण त्या दिवशी पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात गेलं, आणि शेजाऱ्याच्या शिव्या मी खाल्ल्या, कारण मामा तोवर पुढचं अक्षर समजावत होते.

रविवारमागून रविवार असे गेले. स्कूटरवर बारामतीला परतताना मी ठरवायचो, की आता बस्स, पुढच्या खेपेला ताप आलाय म्हणून सांगायचं. एकदा तसं मामींपाशी बोलूनही दाखवलं. मामा अंगणात सायकलला हवा भरत होते. मामींनी सुपातले शेंगदाणे बाजूला ठेवले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्सं हे बोलत्यात, पर ते खरं चिनी हाय का आपलं काय बी हाय, हे सांगणारं माणूसच कदी भेटलं न्हाय. लोक हसत्यात मागं. तुमी तितं जाऊन बोला. एकदाचं कळू तरी द्या." अंगणातल्या पंपाचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला. त्यानंतर मी तापाचं नाव काढलं नाही.

चीनमधल्या त्या कारखान्यात हिंदी शिकलेली एक दुभाषी मुलगी माझ्या सोबतीला होती, त्यामुळे मला तोंड उघडायची गरजच नव्हती. पण पहिल्याच दिवशी जेवणाच्या खोलीत ती लांब बसली आणि मला आणखी भात हवा होता. पाठ ताठ केली आणि मामांच्या पट्टीत मागितला. सुरुवात खणखणीत, मधे विहिरीत, शेवट पुन्हा काठावर. आख्ख्या खोलीतल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. मग जो हशा झाला, तो ऐकून मामांना मनातल्या मनात मी काय काय म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचा एक म्हातारा मुकादम मात्र हसला नाही. तो माझ्यासमोर येऊन बसला आणि दुभाषी मुलीला बोलावून त्याने सांगितलं, की त्याच्या लहानपणी त्यांच्या डोंगरातल्या गावात एकच रेडिओ होता, सगळं गाव त्याच्याभोवती जमायचं, आणि त्यातून आवाज अगदी असाच यायचा. हे तुला कुणी शिकवलं, असं त्याने विचारलं. बायकोच्या मामांनी, मी म्हणालो. त्यांच्या भाषेतही मामाला वेगळा शब्द असावा, कारण तिला काही फोड करून सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्याने मान हलवली आणि स्वतः उठून मला भात आणून वाढला.

परत आलो तेव्हा विमानातच मी मामांना सुनवायची वाक्यं जुळवून ठेवली होती. बावड्याला गेलो, सगळ्यांना जयभीम केला, तिकडचं जेवण कसं, थंडी किती, भिंत पाहिली का, हे सगळे प्रश्न इतरांनी विचारले. मामा खुर्चीत चष्मा पुसत होते. नवशिक्याला एकही सल्ला नाही. माणसं पांगल्यावर ते खुर्ची माझ्याजवळ सरकवून बसले.

"जावईबापू, माझं बोलणं कळलं का हो त्यांना?"

'तुमचं बोलणं' नाही, 'माझं बोलणं' असं विचारलं त्यांनी. जुळवून ठेवलेली वाक्यं मी बाजूला ठेवली.

"कळलं, मामा," मी म्हणालो. "पहिल्याच वाक्याला कळलं. भात वाढला."

मामांनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग आत मामींच्या दिशेने मान वळवून ते म्हणाले, "म्हंजे चिनीच हुतं ते."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की मामींना ते ऐकायला बाहेर यावं लागलं.