फणसाच्या लाकडाची गोल्फची काठी

माझी थोरली बहीण, आमची अक्का, बेंगळूरच्या एका गोल्फ मैदानावर गवत कापायच्या कामाला लागली, तेव्हा आमच्या गावात, नंदिगड्ड्यात, हा खेळ कुणालाच ठाऊक नव्हता. काम उरकल्यावर ती तिथंच खेळायला शिकली. एकदा सुगीनंतर रजा काढून घरी आली ती पिशवीत चेंडू घेऊनच.

"अप्पा, एक काठी करून द्या की."

अप्पा जंगलकामाला जाणारे. लाकडावर त्यांचा हात चांगला बसलेला. परड्यात पडलेल्या फणसाचं लाकूड कोयत्यानं तासून त्यांनी तिरकं डोकं केलं आणि भरीव बांबूला घट्ट बसवलं. कापणी झालेल्या शेतात अक्का दिवसभर चेंडू मारत राही. आई ओरडायची, "अगं, म्हशीला लागंल न्हवं!"

पुढं अक्कानं राज्याची स्पर्धा जिंकली. गेल्या वर्षी बेंगळूरला गोल्फचं संग्रहालय उभं राहिलं, तेव्हा त्या लोकांनी तिच्याकडं एखादी आठवणीची वस्तू मागितली. करंडक घरी ठेवून तिनं ही काठी दिली.

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. भिंतीवर नामांकित खेळाडूंचे फोटो, कपाटांत त्यांचे झिजलेले बूट, आणि मधोमध काचेच्या पेटीत आमची काठी. खाली कन्नडमध्ये पाटी होती. अप्पांना वाचता येत नाही, म्हणून मी मराठीत सांगितलं, "वडिलांनी स्वतः घडवलेली काठी, असं लिवलंय."

"परत वाच."

मी परत वाचलं. शेजारी कोट घातलेले एक गृहस्थ काठी न्याहाळत होते. अप्पा त्यांना कन्नडमध्ये म्हणाले, "मीच केली ही. आणि ही माझी लेक." त्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी अप्पांचा हात धरला. अक्का जिंकली तेव्हा पेपरात फोटो आला होता, गावात पेढे वाटले होते. तरी माझा ऊर त्या क्षणाइतका कधी भरून आला नव्हता.

नंतर अक्कानं आम्हाला बाहेरच्या हिरवळीवर नेलं आणि अप्पांच्या हातात खरी काठी दिली. चेंडू थेट कुंपणात गेला.

"आपलं काम काठी करायचं, खेळायचं न्हाई," अप्पा हसत म्हणाले.

"द्या हिकडं," आईनं पदर खोचला. तिचा चेंडू घरंगळत खळग्यातल्या झेंड्यापाशी जाऊन थांबला. अक्का टाळ्या वाजवत ओरडली, "आई, तू आधी का न्हाई आलीस?"

"म्हशी कुणी बघितल्या असत्या?" आई म्हणाली, आणि तिनं दुसरा चेंडू मागितला.