नमुन्याच्या घरातली थंड चूल

वडशाला हिवाळ्यात नाटकांचा हंगाम असे. पन्नासच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तिथेच विकास गटाने घरबांधणीचं प्रदर्शन भरवलं. आमचं गाव नागभीडकडचं, धानाचं. यजमान म्हणाले, "चला, नाटक पाहून येऊ," तशा माझ्या सासूबाई लगेच लुगडं बदलून तयार झाल्या. मी मान डोलावली खरी, पण मला नाटकाचं काही पडलेलं नव्हतं. मला त्या प्रदर्शनातली चूल पाहायची होती, आणि त्याहून जास्त ती सासूबाईंना दाखवायची होती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्यांचे डोळे सकाळपासून लाल असत. पदराने पुसून पुसून पापण्यांच्या कडा सोलवटल्या होत्या. अलीकडे त्या तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढत, आणि एकदा शेजाऱ्यांची शेळी आपली समजून दाव्याला बांधूनही झाली होती. लोक हसले, त्याही हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या आईचे डोळे असेच गेले होते, शेळीपासूनच सुरुवात झाली होती.

आमची रांधणी म्हणजे काळोखाची कोठी. खिडकी नाही, धुराला वाट नाही. छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून जाईल तेवढा जाईल. त्या धुरात आत्याबाई दोन्ही वेळ चुलीपुढे बसत आणि मला लाकडं सारायलासुद्धा बसू देत नसत. "तुह्या हातचा भात कच्चा राह्यते," म्हणायच्या. भात काही कच्चा राहत नव्हता. चुलीपुढे बसते ती घरची मालकीण, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो मला न सांगताही कळत होता.

गावात येणाऱ्या ग्रामसेविकेने बिनधुराच्या चुलीची गोष्ट सांगितली, तेव्हापासून मी आत्याबाईंच्या मागे लागले होते. कुंभाराकडून मातीची नळी करून घ्यायची, ती छपरातून वर काढायची, की धूर नळीने बाहेर. पालथ्या घड्यावर पाणी! त्यांचं उत्तर ठरलेलं. "धुरानं छपराच्या बासाले भुंगा लागत नाई. दोडक्याचं बी वरतं टांगलं हाय, ते कायनं वाचते? आन् घराच्या डोक्याले भोक पाडून धूर बाहेर घालवाचा? का इस्तवाची लाज वाटते तुले?" यजमानांना विचारावं तर ते म्हणत, तुमचं तुम्ही पाहा, आणि बैलांकडे निघून जात. मीही काही कमी हट्टी नव्हते, पण हात टेकले होते. डोळ्यांचं नाव काढलं की त्या उठूनच जायच्या.

तर आम्ही लहान गाडीने, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेने, वडशाला उतरलो. प्रदर्शन एका मोकळ्या पटांगणात होतं. कनातींच्या आत सिमेंटचे पत्रे, इंग्रजी कवेलू, लोखंडी गजांच्या खिडक्या, सिमेंटची जाळी, असं काय काय मांडलं होतं. संडासाचं नवंकोरं भांडं पाहून एक आजोबा फार खूष झाले होते. याच्यात बैलाला ढेप घालायची की पाणी पाजायचं, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. सांगणारा बाबू लाजला, आणि त्याने उत्तर कानात दिलं. आजोबा ज्या वेगाने मागे सरले, तो मला अजून दिसतो.

मधोमध एक आख्खं घर उभं केलेलं होतं. नमुन्याचं घर. पांढऱ्या भिंती, दाराला निळा रंग, कमरेएवढ्या उंचीवर खिडक्या. आत्याबाई दारात थांबल्या. पदर सारखा केला, खाकरल्या आणि हाक मारली, "कोनी हाय काय वं घरी?"

मी म्हटलं, "आत्याबाई, इथी कोनी राहत नाई जी." पण त्या परक्या घराच्या उंबऱ्यात होत्या, तेव्हा सुनेचं कोण ऐकतं? आतून पांढऱ्या पातळातली एक तरुण ग्रामसेविका आली. "या ना आजी, पाहा घर," म्हणाली. आत्याबाई आत गेल्या, भिंतीशी टेकून बसल्या आणि वाट पाहू लागल्या. पाण्याची, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पाहुणी आली की पाणी द्यावं, एवढी रीत तर कुठल्याही घरात असते. पाणी काही आलं नाही. मग त्या आपणच उठून रांधणीत गेल्या आणि वाकून चुलीला हात लावला.

चूल छान सारवलेली होती. मागे नळी, वर छपरात गेलेली. पण आत राख नव्हती आणि ती थंडगार होती. आत्याबाईंनी हात झटकन मागे घेतला. हळू आवाजात त्यांनी ग्रामसेविकेला विचारलं, "कोन गेलं वं बाई?"

तिला काही कळेना. मला मात्र एकदम कळलं. आमच्या गावात भरल्या घरातली चूल थंड राहते ती एकाच कारणाने, घरातलं माणूस गेलं असलं तर. मग शेजारचे जेवण आणतात, आणि नंतर एखादी थोरली बाई आपल्या घरचा विस्तव नेऊन ती चूल पुन्हा पेटवून देते. पांढरं नेसलेली तरुण पोरगी, पाणी विचारायचं भान नाही, चूल थंड. आत्याबाईंचा हिशेब चोख होता.

"अहो आजी, कोणी गेलं नाही. ही दाखवायची चूल आहे," ग्रामसेविका म्हणाली.

"चूल का दाखवाची असते काय? बस तू. रडू नको," आत्याबाई म्हणाल्या. ती बिचारी रडत नव्हती, पण आता रडेल असं वाटायला लागलं. आत्याबाई तरातरा बाहेर पडल्या. जिलबीवाल्याच्या भट्टीतला निखारा त्यांनी खापरावर मागून आणला, कनातीमागच्या चार काड्या उचलल्या आणि कोणी आडवं येण्याआधी चूल फुंकून पेटवली.

धूर चुलीच्या तोंडाशी जरा घुटमळला आणि नळीत शिरला. बाहेर लोक ओरडले, "निघाला, निघाला!" आत्याबाई अंगणात आल्या. डोळ्यांवर हात धरून पुष्कळ वेळ वर पाहत राहिल्या. मी यजमानांकडे पाहिलं, ते चक्क हसत होते. रात्री नाटक पाहून आम्ही गाडीने परतलो. नागभीड आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मीनं पेटवली, लागली. माह्या हाताची चूल हाय ते. आपल्या घरी करून टाक." वर्षभर मी जे डोकं फोडून मिळवलं नव्हतं, ते त्यांच्या एका गैरसमजाने मिळालं. मला इतका आनंद झाला की स्टेशनात मी मुरमुऱ्यांची पुडी सांडली.

कुंभाराने नळी दिली. यजमानांनी कवेलू सारून वाट केली, भिंतीत एक लहानशी खिडकीही पाडली. नवी चूल सुकेपर्यंत आम्ही अंगणात रांधलं. मग एका सकाळी आत्याबाईंनी पूजा करून विस्तव घातला आणि भाताचं गुंडं चढवलं. धूर सरळ नळीत गेला. रांधणी स्वच्छ दिसत होती. उतरंडीतल्या एका मडक्यावर पांढरी नक्षी होती, ती मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिली. "आत्याबाई, पाहा ना जी!" मी ओरडलेच.

आत्याबाई तोंडापुढे हात हलवत होत्या, धूर बाजूला सारावा तसा.

"धूर तं हायेच वं," त्या म्हणाल्या. "त्या घरी गेला, इथी काऊन नाई जात?"

मी चुलीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. कुठेच काही नव्हतं. खिडकीतून आलेला उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि डोळ्यांच्या बुबुळांवर साय धरल्यासारखं पांढरं दिसत होतं. उशीर झाला होता. एक वर्ष आधी मी भांडून, आदळआपट करून ही चूल का घातली नाही, असं वाटून मला माझा, त्यांचा, सगळ्यांचाच राग आला. पण हे तोंडाने कसं बोलणार?

"नवी हाय ना जी, वली हाय अजून," मी म्हटलं. "धूर जाईन थोड्या दिसात."

"जाईन ना?"

"जाईन."

त्यांनी भाताकडे कान करून ऐकलं, मग जमिनीवर हात टेकत उठल्या आणि भिंतीच्या कडेने बाजूला झाल्या.

"मंग धूर जाएपर्यंत तूच बस इथी," म्हणाल्या. "मले धुरात दिसत नाई."

मी चुलीपुढे बसले.