जास्तीचा मका
भाजलेल्या मक्याचा वास आला की मला कुरखेड्यातले आमच्या लग्नानंतरचे पहिले दिवस आठवतात. तेव्हा मी लॅपटॉपवर कारखाने उभारायचा एक गेम खेळायचो. त्यात मका इतका पिकला की गोदामं भरली, माल वाहणारे पट्टे अडले आणि कारखाना बंद पडला. तो तसाच सोडून मी ड्युटीवर गेलो. संध्याकाळी पाहतो तर गोदामं रिकामी आणि पट्टे सुरू. दुपारी घरात बायको एकटीच असायची, आणि तिला लॅपटॉप चालवता येत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मग माझ्यामागे येतं कोण? तिला विचारायचं धाडस होईना. मोरीतले चहाचे कप, दारातली धूळ, सगळं मी निरखू लागलो. शेवटी एका दुपारी न सांगता घरी आलो. ती एकटीच लॅपटॉपसमोर बसून गेममध्ये खुराडी बांधत होती. मला बघून दचकली नाही. म्हणाली, "मका सडून राह्यला होता, म्हणून कोंबड्यांले घातला. आता अंडी विकून राह्यली." मी म्हणालो, "मले काऊन सांगितलं नाई?" स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुम्ही कधी काई विचारता कुठी मले?" आता तिचा वेगळा लॅपटॉप आहे, आणि तिच्या कारखान्यात आज काय झालं, हे जेवायला बसलो की मी आधी विचारतो.