काडीने अहवाल बदलला नाही

काडी हे नाव तिला आत्याने ठेवलं. अंगाने काडीसारखी, हे एक कारण. दुसरं असं, की कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द तिचाच. "ही पोरगी विझलेल्या चुलीलासुद्धा काडी लावील," आत्या म्हणायची, आणि काडीला त्यात आपलं कौतुकच वाटायचं.

शाळा संपली तेव्हा एका संध्याकाळी जेवताना तिने जाहीर केलं, की विद्यापीठात पोलीसकाम आणि सार्वजनिक सुरक्षा या विषयाची पदवी आहे आणि तिने तिथे प्रवेश घेतला आहे. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. अप्पांचा, तिच्या वडिलांचा, घास हातातच राहिला.

अप्पा बाटल्यांच्या कारखान्यात फिटर होते. काडी लहान असताना तिथून तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली, आणि पोलिसांनी अप्पांना चालू यंत्रावरून उचलून नेलं. खरा चोर सापडेपर्यंत त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. सापडल्यावर मागच्या दाराने सोडलं. "चुकलं" एवढा एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अप्पा तेव्हापासून खाकी कपडा दिसला तरी रस्ता ओलांडायचे.

"ज्यांनी मला चोर ठरवलं, त्यांच्या पंगतीला बसणार तू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला चोर ठरवलं, तेव्हा पुरावा कुठाय असं विचारणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. मी विचारीन."

"आत गेलं की कुणी विचारत नाही. आत गेलं की माणूस तेच होतं."

"होतं का, ते बघू."

त्या दिवसापासून अप्पांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. बोलणं चालायचं ते आईच्या मार्फत. काडी समोर उभी असायची आणि अप्पा आईला म्हणायचे, तिला सांग, बाहेर जाताना दार लावून घे. आई शिंप्याच्या दुकानात पँटी आखूड करायची. ती काडीला म्हणायची, दार लाव गं. एवढ्याशा घरात निरोप्याचं काम करून तिचा जीव मेटाकुटीला यायचा, पण तिने काडीला एकदाही "सोड" म्हटलं नाही.

वर्गात बहुतेक मुलं पोलिसांचीच. ही किडकिडीत पोरगी टेबलामागची नोकरी बघायला आली असणार, असा त्यांचा तर्क. पहिल्याच महिन्यात धावण्याची चाचणी झाली. काडी सगळ्यांच्या मागे राहिली. मैदान रिकामं झालं, शिक्षकांनी शिट्टी वाजवून पुरे म्हटलं, तरी ही आपली धावतेच आहे. ठरलेल्या फेऱ्या संपवून, धापा टाकत, तिने त्यांना आपली वेळ लिहून घ्यायला लावली. वेळ लाजिरवाणी होती. "असू दे," ती म्हणाली, "पण लिहा."

तिचा खरा जीव रमला तो अहवाल लिहिण्यात. विभागप्रमुख बाई तो विषय शिकवायच्या. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, वाटलेलं तिसरंच; तिन्हींची खिचडी करणाऱ्याने या कामात येऊ नये, असं त्या पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या. काडीने ते गाठीला बांधलं.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी तिला बाजाराजवळचं ठाणं मिळालं. तिथले मोठे साहेब वाईट नव्हते, हीच खरी पंचाईत. घर विसरलेल्या एका म्हातारीला घेऊन ते स्वतः गल्लोगल्ली फिरले होते. काडीला त्यांनी मुलीसारखं शिकवलं: घाबरलेल्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्यावी, मग प्रश्न विचारावेत. काडी घरी येऊन आईला हे सांगायची, मुद्दाम अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मग एका दुपारी मालाचं एक पार्सल हरवल्याच्या तक्रारीवरून एका हमालाला आणलं. तो शांतपणे, पुन्हा पुन्हा नाही म्हणत राहिला. साहेबांचं डोकं त्या दिवशी आधीच तापलेलं होतं. त्यांनी खाडकन त्याच्या कानाखाली लगावली. हमाल बाकावरून खाली गेला आणि त्याच्या कानातून रक्त आलं. खोलीत दोन हवालदार होते, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. काडीने साहेबांकडे बघितलं.

हमालाची बायको हमालांच्या संघटनेच्या माणसाला घेऊन दारात येऊन उभी राहिली, तसा कागद करणं भाग पडलं. साहेबांनी तो काडीलाच लिहायला सांगितला. पाय घसरून पायऱ्यांवर पडला, असं लिही म्हणाले. काडीने लिहिलं: साहेबांनी डाव्या कानावर उजव्या हाताने मारलं, हे मी स्वतः पाहिलं. साहेबांनी वाचलं, न रागावता फाडलं आणि दुसरा कागद पुढे केला. काडीने अक्षर न बदलता तेच लिहिलं.

"पोरी, तुला या खात्यात यायचंय की नाही?"

"यायचंय, साहेब."

"मग?"

"म्हणूनच लिहिलं."

तो कागद साहेबांनी फाडला नाही. पण काडीचं प्रशिक्षण त्यांनी तिथेच संपवलं आणि विद्यापीठाला कळवलं, की मुलगी हट्टी आहे, शिस्तीत बसत नाही, या कामाला लायक नाही. विभागप्रमुख बाईंनी तिला खोलीत बोलावलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण त्यांचेही हात बांधलेले होते. मला नीट दिसलं नाही, एवढं लिहून दे, त्या म्हणाल्या, मग दुसरं ठाणं बघता येईल, वर्ष वाचेल. काडी म्हणाली, "बाई, तुम्हीच शिकवलंत. मला नीट दिसलं होतं." काडीचं वर्ष गेलं.

घरी हे सांगितलं, तेव्हा अप्पा पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलले.

"सोड आता. मान ताठ ठेवून बाहेर आलीस, पुष्कळ झालं."

"बाहेर आले नाही, बाहेर काढलंय. मी परत जाणार. मी गेले नाही, तर पुढच्या वेळी त्या खोलीत खिडकीबाहेर बघणारेच उरतील."

अप्पांनी विचारलं, "त्या हमालाला घरी कुणी सोडलं?"

"मीच. दवाखान्यात नेऊन मग घरी. कानाचा पडदा फाटलाय."

अप्पांनी मान हलवली. उठून आत जाताना म्हणाले, "दार लावून घे." आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. निरोप तिच्या मार्फत आला नव्हता.

तेच वर्ष काडीने पुन्हा काढलं. तिच्या आधीच्या वर्गातली मुलं पुढे गेली, जिन्यात भेटली की "शिस्त आली का?" म्हणून डिवचायची. ती म्हणायची, शोधतेय, तुमच्याकडे जास्तीची असेल तर द्या. या वेळचं ठाणं गावाबाहेर होतं आणि तिथल्या अधिकारी बाई तिखट. साहेबांचा शेरा वाचून त्यांनी विचारलं, "खाडाखोड न करता लिहिता येतं ना?" काडी हो म्हणाली. "मग बस," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. तो विषय त्यांनी परत काढला नाही.

काडीच्या त्या कागदावरून साहेबांना ताकीद मिळाली; खुर्ची तशीच राहिली. हमालावरचा आळ गेला, कान मात्र अधूच राहिला. न्याय म्हणावा तर अर्धामुर्धाच.

शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरून एक निवृत्त अधिकारी आले होते. त्यांनी जुना शेरा मोठ्याने वाचून दाखवला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, की पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील?

"पुन्हा लिहीन," काडी म्हणाली. "या खेपेला हवालदार कुठे बघत होते, तेही लिहीन. मागच्या वेळी राहून गेलं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गुण बेताचेच दिले. काडी दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि पुढची भरतीची परीक्षा देऊन खात्यात गेली. धावण्यात तिथेही शेवटून पहिली, पण पास.

आता गल्लीतली माणसं दारात येतात. कुणाच्या पोराची गाडी अडकलेली असते, कुणाला शेजाऱ्याला जरा दम द्यायचा असतो. काडी कामावर असली की अप्पाच त्यांना दारात गाठतात. पोलिसांविषयी अप्पांचं मत अजून तसूभरही बदललेलं नाही. जेवताना रोज वाद होतो. पण वशिल्यासाठी आलेल्या माणसाला ते उंबऱ्यावरूनच वाटेला लावतात.

"माझं काही चाललं नाही तिच्यापुढे," ते सांगतात, "तुमचं काय चालणार?"