वर कोणी राहत नाही

आमच्या शहराच्या मानवी हक्क आयोगाचं नाव जेवढं मोठं, तेवढीच त्याची खोली लहान होती. वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक टेबल, दोन खुर्च्या, फोन आणि फायलींचं कपाट. आम्ही पाच सदस्य, सगळे बिनपगारी. अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका होत्या, डच, बोलायला रोखठोक. मी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून इथे नेदरलँड्सला आलेली, भाषा शिकता शिकता या कामात पडलेली. आम्हाला कुणाला शिक्षा करायचा अधिकार नव्हता. तक्रार ऐकायची, लिहून घ्यायची, गेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला पत्र लिहायचं आणि जमलं तर दोन्ही बाजूंना एका टेबलाशी आणायचं, एवढंच.

कोरोनाच्या पहिल्या हिवाळ्यात वाचनालय बंद झालं. आयोगाच्या खोलीत एका वेळी एकानेच बसायचं असं ठरलं. मंगळवार माझा. खालच्या मजल्यावर पुस्तकांच्या रांगा अंधारात उभ्या असायच्या. वरचे दिवे माणसाच्या हालचालीवर चालणारे होते. मी फार वेळ स्थिर बसून लिहीत राहिले की ते विझायचे, मग हात वर करून हलवावा लागायचा. सुरुवातीला गंमत वाटायची, नंतर वाटेनाशी झाली.

अशाच एका मंगळवारी फोन वाजला. एक बाई अगदी दबक्या आवाजात इंग्रजीत बोलत होती. मी माझं नाव-आडनाव सांगितलं.

"तुम्ही मराठी आहात?" तिने मराठीत विचारलं.

"हो, पुण्याची. बोला ना."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

माझं आडनाव ऐकल्यावर तिने फोन ठेवला, हे कळायला मला वेळ लागला नाही. महाराष्ट्रात आडनाव सांगितलं की अर्ध्याहून जास्त माणूस सांगून होतो. आजवर मला या गोष्टीचा कधी त्रास झाला नव्हता, म्हणून त्याकडे कधी लक्षही गेलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी तिचा पुन्हा फोन आला.

"मॅडम, मला तक्रार नाही करायची. फक्त एक विचारायचंय. मी एका घरात राहते, एवढं कुणी लिहून ठेवू शकतं का?"

"म्हणजे?"

"मी इथे आहे. एवढंच. कुणीतरी कागदावर लिहा."

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. ती विदर्भातली, बौद्ध कुटुंबातली. वनस्पतींवर संशोधन करायला इथे आली होती. एका मराठी जोडप्याच्या घरात वरची, छपराखालची खोली तिने भाड्याने घेतली होती. नवरा-बायको दोघंही आयटीत. पहिले काही महिने फार छान गेले. संध्याकाळी जेवण एकत्र व्हायचं, दिवाळीला तिने त्यांच्याबरोबर करंज्या केल्या. घरमालकीण तिला म्हणायची, "तू आमची धाकटी बहीणच."

नंतर तिच्या आईने पोस्टाने एक फोटो पाठवला. निळा कोट, डोळ्यांवर चष्मा, हातात ग्रंथ. कुणाचा ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तिने तो खिडकीशेजारी लावला. दोन दिवसांनी मालकीण हीटर बघायला वर आली. हीटर बघितला, फोटो बघितला, "ठीक आहे" म्हणाली आणि खाली गेली.

"मग भांडण झालं?" मी विचारलं.

"नाही ना मॅडम. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना दिसायचीच बंद झाले."

खालच्या स्वयंपाकघरात ती 'गुड मॉर्निंग' म्हणायची आणि दोघांचं बोलणं तसंच चालू राहायचं. ती जिन्यात असताना दिवा बंद केला जायचा. फ्रिजमधला तिचा कप्पा रिकामा होऊन डबे तिच्या दाराशी येऊन बसायचे. कुणी ठेवले ते कधी दिसायचं नाही. मग लॉकडाऊन लागला, प्रयोगशाळेत आठवड्यातून एकदाच जाता यायचं, आणि चोवीस तास त्याच घरात. एकदा मालक टेबलाशी लॅपटॉपवर काम करत होता. तिने मुद्दाम त्याच्या समोर, टेबलावर हात ठेवला. बघू तरी, काय करतो. तो टाइप करत राहिला. मग उठला, बाटलीतून सॅनिटायझर घेतलं आणि जिथे हात होता तिथलं टेबल पुसलं. तिने हात काढून घेतला नसता, तर तोही पुसला गेला असता, असं ती म्हणाली.

"आता सगळेच दीड मीटर लांब राहतात," ती म्हणाली. "मग मी कुणाला काय सांगू? लोक म्हणतील, कोरोना आहे."

हे ऐकताना माझ्या खोलीतले दिवे गेले. मी हात वर केला नाही. अंधारातच लिहीत राहिले.

पण खरी गोष्ट पुढेच होती. व्हिसाच्या नूतनीकरणाचं पत्र येत नाही म्हणून तिने गेमेंटेला फोन केला होता. तिथल्या बाईंनी संगणकात पाहून नम्रपणे सांगितलं, "तुम्ही तर देश सोडून गेला आहात."

घरमालकाने तिथे कळवलं होतं, की वरची भाडेकरू निघून गेली. गेमेंटेने चौकशीची पत्रं त्याच पत्त्यावर पाठवली. इथे टपाल दाराच्या फटीतून आत जमिनीवर पडतं. जो आधी उठतो, तो उचलतो. तिच्या हाती एकही पत्र लागलं नाही. उत्तर न आल्यामुळे नोंद झाली : देश सोडला, ठावठिकाणा अज्ञात. भाडं मात्र दर महिन्याला बँकेतून वळतं होत होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "कधी कधी मी आरशात बघते आणि स्वतःलाच हाक मारते."

मी अध्यक्षबाईंना फोन केला. त्यांनी फॉर्म उघडला. भेदभाव कशावरून, यासाठी त्यात चौकटी होत्या : वर्ण, धर्म, लिंग, अपंगत्व, मूळ देश. जातीची चौकट नव्हती.

"पण ते सगळे एकाच देशातले ना?" बाईंनी विचारलं. "एकाच भाषेचे?"

"हो."

"मग दिसण्यात काही फरक?"

"नाही."

"मग त्यांना कळलं कसं?"

"फोटोवरून," मी म्हणाले. "नाही तर आडनावावरून कळतं. किंवा 'तुमचं गाव कोणतं' असं विचारून."

आणि तेव्हा मला आठवलं, की ती सगळं सांगायला लागली तेव्हा मीही तिला विचारलं होतं, "तुमचं गाव कोणतं?" मी काय शोधत होते, ते मला त्या क्षणी नीट माहीत होतं. बाईंना मी ते सांगितलं नाही. आम्ही 'मूळ देश'वर काट मारून हाताने 'जन्माने ठरणारी जात' असं लिहिलं.

गेमेंटेच्या घरभेटी कोरोनामुळे थांबल्या होत्या. बाई म्हणाल्या, "तू जा. आत जाऊ नकोस. दारात उभं राहून जे दिसेल ते लिही आणि सही कर. निदान एक साक्ष होईल."

मी दुपारी साडेतीनला सायकलवर निघाले. धुकं इतकं दाट होतं, की कालव्याचं पाणी आणि रस्ता एकाच रंगाचे झाले होते. एकसारख्या घरांची लांबलचक रांग, प्रत्येक खिडकीत एकसारखा दिवा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पोहोचल्यावर मी त्या भाडेकरू मुलीला फोन लावून मोबाइल कोटाच्या खिशात चालू ठेवला. बेल वाजवली आणि दोन पावलं मागे सरले.

दार घरमालकाने उघडलं. चाळिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा. आणि मी त्याला ओळखलं. कोरोनाआधी इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत आमची भेट झाली होती, त्याने आरतीला टाळ वाजवला होता.

"अरे, मॅडम तुम्ही! या या... सॉरी, आत बोलवता येत नाही हो, काळच असा आलाय."

"मी आयोगाकडून आलेय," मी म्हणाले. "तुमच्याकडे वर भाडेकरू आहेत, त्यांना भेटायचंय."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरासुद्धा हललं नाही.

"वर? वर कोणी राहत नाही."

नेमक्या त्याच क्षणी आमच्या डोक्यावर पावलं वाजली. लाकडी जमिनीवर, खिडकीपासून जिन्यापर्यंत, एकेक स्पष्ट. माझ्या खिशातल्या फोनमधूनही तीच पावलं बारीक ऐकू येत होती. त्याने वर पाहिलं नाही. त्याची पापणीसुद्धा लवली नाही. मी आजवर पुष्कळ खोटं बोलणारी माणसं ऐकली आहेत, पण हा खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. त्याला खरंच काही ऐकू येत नव्हतं.

"आवाज येतोय ना?" मी विचारलं.

"पाइप असतील. जुनं हीटिंग आहे."

तेवढ्यात त्याची बायको आली. तिने उंबऱ्याबाहेर कागदी पिशवी ठेवली आणि मागे सरकली. "घरचा चिवडा आहे. घेऊन जा. आपल्या माणसाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं?"

तिच्या मागे, जिन्याच्या वळणावर ती उभी होती. राखाडी स्वेटर, केस बांधलेले, हातात फोन. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. मी बोट दाखवून म्हणाले, "त्या तिथे उभ्या आहेत."

दोघांनी मागे वळून जिन्याकडे नीट पाहिलं, अगदी शांतपणे. मग माझ्याकडे वळले.

"कुठे?" बायकोने काळजीने विचारलं. "मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?"

मी ती पिशवी उचलली. का उचलली, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. सवयीने, संकोचाने, 'आपल्या माणसाला' या शब्दांनी. पुढच्या चौकात भानावर येऊन सायकल थांबवली आणि पिशवी कचऱ्याच्या पेटीत टाकली, पण जिन्यातून तिने मला ती उचलताना पाहिलं होतं.

त्याच संध्याकाळी मी साक्ष लिहिली. मी घेतलेल्या चिवड्यासकट सगळं लिहिलं. पंधरा दिवसांत तिची नोंद पुन्हा झाली, व्हिसाचं काम सुरू झालं. आयोगाने त्या जोडप्याला व्हिडिओ बैठकीला बोलावलं. दोघं वेळेवर आले, इस्त्रीच्या कपड्यांत.

"आम्ही तिला एकही वाईट शब्द बोललेलो नाही," बायको म्हणाली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "एकही शब्द बोलला नाहीत, हीच तक्रार आहे."

त्यावर त्यांनी कॅमेरा बंद केला. काळ्या चौकटीत त्यांची नावं तेवढी राहिली. आमच्या हातात आणखी काही नव्हतं. आम्ही निष्कर्ष लिहिला, त्यांना पाठवला, उत्तर आलं नाही.

तिला दुसऱ्या गावात छोटं घर मिळालं. सामान न्यायला मी गाडी भाड्याने घेऊन गेले. पाच खोकी, एक कुंडी, तो फोटो. जोडपं बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर बसलं होतं. आम्ही त्यांच्यासमोरून सहा वेळा ये-जा केली. शेवटच्या खेपेला मी थांबून म्हणाले, "येते मी."

दोघांपैकी कुणीही मान वळवली नाही. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. टीव्हीवरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर हलत होता. मी तिथे उभी होते, आणि त्या खोलीत कुणीच उभं नव्हतं. ती दारातून म्हणाली, "चला ताई." त्या दिवशी ती मला पहिल्यांदा ताई म्हणाली.

नव्या घराशी आम्ही खोकी उतरवत होतो. समोरच्या बाल्कनीत एक म्हातारे डच गृहस्थ फुलझाडांना पाणी घालत होते. त्यांनी झारी वर करून डचमधल्या 'हॅलो'ची हाक दिली, "होई!"

ती दचकली. खोकं छातीशी धरून तिने मागे वळून पाहिलं, हे कुणाला हाक मारताहेत ते बघायला. मागे भिंत होती.