न मोजलेला बारावा वकील

व्हर्लीन टॅकेट वकील होत्या, पण एकोणतीस वर्षांत त्यांनी कोर्टात कधी तोंड उघडलं नव्हतं. केंटकीतल्या आमच्या पेल्टन गावच्या हॉस्पिटलचं कायद्याचं खातं त्या सांभाळायच्या, आणि तिथलं निम्मं काम जेवणाच्या टेबलावर उरकायचं.

बाईंची युक्ती त्यांच्या केसांसारखीच होती, एक बट इकडची तिकडे होणार नाही अशी. एखादी नर्स हॉस्पिटलवर दावा लावणार अशी कुणकुण लागली, की बाई गावातल्या एकेका वकिलाला ज्युएलच्या हॉटेलात जेवायला न्यायच्या. तळलेला कॅटफिश, मक्याचा पाव, आणि गोडाबरोबर त्या प्रकरणातली दोन गुपितं, सल्ला मागितल्यासारखी. झालं! एका बाजूचं गुपित ऐकलेल्या वकिलाला दुसऱ्या बाजूचं काम घेता येत नाही. गावात मोजण्यासारखे वकील अकरा. आठवड्याभरात अकराही पोटभर जेवून बाद. ओनिडा कॉम्ब्स नावाची नर्स अशीच दारोदार फिरली आणि दावा सोडून लेकीकडे ओहायोला निघून गेली. त्या दिवशी बाईंनी ऑफिसात डोनट वाटले होते.

पुढे हॉस्पिटल विकलं गेलं. नव्या कंपनीला एका दगावलेल्या पेशंटची कागदपत्रं सापडेनात. खापर फोडायला डोकं हवं होतं, ते बाईंचं मिळालं. ‘कागद टॅकेटबाईंनी गायब केले’ असं पत्र सगळ्या डॉक्टरांना गेलं, आणि दोन रखवालदारांनी बाईंना त्यांच्या टेबलावरच्या कुंडीसकट दाराबाहेर आणून सोडलं. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बाकावर शेजारी बसायला कोणी आलं नाही.

बाईंना भरपाई नको होती. पत्र खोटं आहे, एवढं कोर्टाने म्हणायला हवं होतं. बदनामीच्या दाव्याची मुदत एक वर्ष. कंपनी माफी मागेल या आशेवर अकरा महिने गेले. मग त्यांनी रीतसर नोटीस धाडली आणि नंतर वकील शोधायला निघाल्या. कंपनी सावध झाली ती त्या नोटिशीनेच.

“हॉलिस, माझं काम घेशील ना?” त्यांनी गावातल्या सगळ्यात बड्या वकिलाला विचारलं.

हॉलिस ब्रँडनबर्गने चष्मा पुसायला घेतला. “व्हर्लीन, मंगळवारी त्यांची माणसं आली होती गं. जेवायला घेऊन गेली.”

“ज्युएलकडे?”

“तुझ्याच टेबलावर.”

“आणि तू खाल्लंस!”

“तू न्यायचीस तेव्हाही खातच होतो की. तेव्हा नाही बोललीस काही.”

उरलेल्या दहांनीही हेच सांगितलं. बाईंनी टाइप केलेली अकरा वकिलांची यादी ऑफिसातच राहिली होती, कंपनीने ती वरपासून खालपर्यंत वापरली.

राहिला डेल्बर्ट स्प्रॅडलिन. काडीमोडांचा आणि दारू पिऊन गाडी हाणणाऱ्यांचा वकील. बसथांब्याच्या बाकावर त्याचा हसरा फोटो होता आणि लोक त्यावर बसायचे. त्याच्याबरोबर जेवताना कोणी पाहिलं तर काय म्हणतील, म्हणून बाईंनी त्याला कधी यादीत घेतलंच नव्हतं.

“या, या, टॅकेटबाई! रस्ता चुकलात की काय?”

“काम आहे, डेल्बर्ट.”

“घेतलं! बोला, काय झालं नक्की?”

बाईंनी हात वर केला. “आधी करारावर सह्या. त्याआधी मी एक शब्द बोलणार नाही.”

डेल्बर्टने दोन पानांचा छापील करार पुढे सरकवला. “करा मग सही.”

“न वाचता? मी?”

करार घेऊन त्या घरी गेल्या. दोन दिवस लाल पेन चाललं. एकोणीस दुरुस्त्या. मुदत शुक्रवारी संपत होती. गुरुवारी सकाळी त्या परत आल्या तर डेल्बर्ट नवा टाय लावून दात कोरत बसलेला.

“काल कंपनीचा फोन आला होता, बाई,” तो खाली बघत म्हणाला.

“तू माझं काम घेतलं होतंस!”

“म्हणालो होतो. पण सही नाही, आणि तुम्ही एक अक्षर सांगितलं नाहीत. मी मोकळाच राहिलो. नुसतं काय झालं एवढं सांगितलं असतंत, तर त्या टेबलावर मला बसता आलं नसतं. हे तुम्हाला का मी शिकवायचं?” मग हळूच म्हणाला, “वीस वर्षं ज्युएलच्या काचेतून तुम्हा लोकांना जेवताना बघतोय हो.”

शुक्रवारी बाईंनी स्वतःच दावा दाखल केला. चाळीस पानं, एक चूक नाही. दोन महिन्यांनी सुनावणी लागली. समोर कंपनीचे चार वकील. ते म्हणाले, पत्र हॉस्पिटलच्या आतलं होतं, चांगल्या हेतूने लिहिलेलं, कायद्याने त्याला संरक्षण आहे.

“बोला, मिसेस टॅकेट,” न्यायाधीश म्हणाले.

उत्तर बाईंना पाठ होतं. उभ्या राहिल्या, पण आवाज फुटेना. पानावरचं वाचायला गेल्या तर तेही पुटपुटल्यासारखं. न्यायाधीशांनी दोनदा “जरा मोठ्याने” म्हटलं आणि दावा फेटाळला. पत्र खरं की खोटं, यावर चकार शब्द नाही.

आता नगरपालिकेत कुणाचं पाण्याचं बिल सापडलं नाही, तर काउंटरवरची पोरगी डोळे मिचकावते. “टॅकेटबाईंच्या घरी बघितलंत का?” रांगेतले सगळे हसतात. परवा बाई त्याच रांगेत होत्या. बिल भरलं, पावती दोनदा तपासली आणि निघून गेल्या.