गिरवलेली सही

बाबा परदेशात, यिशुनला आमच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा लोणच्याच्या बरण्यांच्या मध्ये, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून त्यांनी तो चेंडू आणला होता. लाल, कातडं झिजलेलं, त्यावर वेस्ट इंडिजच्या एका वेगवान गोलंदाजाची सही. तरुणपणी बाबा पुण्यात नेट प्रॅक्टिस बघायला उभे होते. चेंडू जाळीबाहेर आला, बाबांनी तो थेट त्याच्या हातात फेकला आणि त्याने खूश होऊन सही करून परत दिला. ही गोष्ट मला तोंडपाठ होती. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनाही एव्हाना झाली होती.

एका रविवारी नवऱ्याचा बँकेतला मित्र जेवायला आला. त्याच्या आलिशान काँडोत काचेच्या पेटीत सही केलेल्या बॅटी आहेत, शेजारी त्यांची सर्टिफिकेटं. त्याने चेंडू दिव्याखाली फिरवून पाहिला.

"काका, राग मानू नका, पण असल्या सह्या बाजारात ढिगाने मिळतात. सर्टिफिकेट आहे का?"

सगळे हसले. माझा नवराही हसला. बाबाही हसले, पण चेंडू बनियनमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट सांगितली नाही, व्हॉइड डेकवरही नाही. माझ्या वडिलांना माझ्याच घरात कुणीतरी खोटं पाडलं होतं आणि मी पोळ्या वाढत होते. माझं डोकं फिरलं होतं.

मी ऑडिटर. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात दिवसभर पुराव्याविना आलेले खर्च परत पाठवणं हेच माझं काम. म्हटलं, पुरावा हवा ना, आणून तोंडावर मारते. बाबांकडे चेंडू मागितला. "हवा तर ने," एवढंच म्हणाले.

एका जुन्या मॉलमध्ये सह्या तपासून देणारं दुकान होतं. दुकानदार चिनी, वयस्कर. त्याने भिंगाखाली चेंडू बराच वेळ पाहिला.

"मॅडम, दोन प्रकारची शाई आहे. खालची जुनी, ती खरी असेलही. पण वरून कुणीतरी परत लिहिलंय. एकदा नाही, पुष्कळदा. आणि हे पिवळं काय? करी, आह?"

"हळद," मी म्हटलं, आणि सगळं लख्ख आठवलं.

बाबा कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला घरात त्यांचे पाने, मायक्रोमीटर, आईचं शिलाई मशीन आणि हा चेंडू पाटावर मांडला जायचा. आधी सगळं ओल्या फडक्याने स्वच्छ पुसायचं, मग हळदकुंकू, फूल. पुसून पुसून सही फिकट व्हायला लागली, तेव्हा बाबा पेन घेऊन बसायचे आणि अक्षर न् अक्षर गिरवायचे, जीभ दातात धरून.

हे मी दुकानदाराला सांगितलं. देवाच्या मूर्तीचे चांदीचे डोळे निखळले तर आम्ही नवे बसवतो, त्याने मूर्ती खोटी ठरत नाही, हेही सांगितलं. आवाज चढला होता माझा.

"तुमच्या वडिलांवर माझा विश्वास आहे," तो म्हणाला. "पण कागद नाही देता येणार, लाह. डब्यात बंद ठेवला असता तर चांगली किंमत आली असती."

डब्यात बंद. आमच्या घरात मोलाची गोष्ट माणसं हातात घेतात, पुसतात, तिला कुंकू लावतात. त्याने तिची किंमत जात असेल तर जाऊ दे खुशाल. परतीच्या एमआरटी ट्रेनमध्ये मी चेंडू पर्समध्ये ठेवला नाही, मुठीत धरून बसले.

घरी बाबांना खरं ते सांगितलं. सही गिरवली म्हणून तिची किंमत गेली, बाबा.

"मग काय पुसून जाऊ द्यायची होती?" त्यांनी विचारलं. तक्रार म्हणून नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी त्या मित्राला मुद्दाम जेवायला बोलावलं. ताटं वाढली आणि मध्ये चेंडू ठेवला.

"तपासून आणला. सर्टिफिकेट मिळत नाही, मिळणारही नाही. आता बाबा याची गोष्ट सांगणार आहेत. ती संपल्याशिवाय श्रीखंड बाहेर येणार नाही."

नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला. मी उलट मारला.

"राहू दे गं," बाबा म्हणाले.

"नाही राहू देणार. सांगा."

त्यांनी घसा साफ केला. सुरुवात अगदी हळू आवाजात झाली. जाळी, ऊन, मागे उभी गर्दी. चेंडू जाळीबाहेर आला तेवढ्यात मित्राने हसत तोंड घातलं, "पण काका, हे सगळं मानायचं कशावरून?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"नका मानू," ते म्हणाले. "मी होतो तिथे." आणि आवाज चढवून पुढे सांगू लागले.